राशिदियाच्या रस्त्यासाठी टायर

रिश, ८ ऑक्टोबर

हम्मू भाऊजी, सलाम.

पाकीट बघून घाबरू नका. आईंची तब्येत होती तशीच आहे. फोन केला असता, पण फोन दिवसभर आईंच्या मांडीवर असतो आणि कुणाचाही आला तरी त्या आवाज मोठा करून ऐकतात. तुमच्याशी दोन शब्द वेगळे बोलायचे तर कागदच बरा.

विषय साधाच आहे. गाडीचे टायर संपलेत. तुमच्या भावाने, झैदनेच शेवटचे टाकले होते, आणि त्याला जाऊन दोन वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार राशिदियाला जायचं, आईंचं डायलिसिस होईपर्यंत थांबायचं आणि परत यायचं, हे चालूच आहे. मागच्या शनिवारी खिंडीत थोडा पाऊस झाला, वरून माती रस्त्यावर आली होती, आणि गाडी एका वळणावर जराशी सरकली. काही झालं नाही. आईंना कळलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून मला झोप नाही.

गॅरेजवाला ब्राहिम म्हणतो, रुंद घ्या, रस्ता घट्ट धरतात. राशिदियाच्या बाजारात एकजण फ्रान्समधून आलेले वापरलेले टायर विकतो, दिसायला अगदी नवे, किंमत निम्मी. ऑलिव्ह विकून जे हातात आलं त्यात स्वस्तातले चार येतील, नाहीतर बरे दोन. तुम्ही पंधरा वर्षं बस चालवताय. पैसे वाया जाणार नाहीत असं काय घ्यावं ते सांगा.

आई वेळेवर पोचतात आणि वेळेवर घरी येतात. ती काळजी करू नका.

तुमची वहिनी,
इत्तो


तांजा, १७ ऑक्टोबर

वहिनी, सलाम.

आधी हे वाचा: बाजारातले वापरलेले घेऊ नका. नक्षी खोल दिसते म्हणून माणूस फसतो. रबर आतून म्हातारं झालेलं असतं, उन्हाने कडक होतं आणि पावसात साबणासारखं चालतं. टायरच्या बाजूला चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते बघितल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका, ब्राहिमलासुद्धा.

आता कुठले घ्यायचे. लोक विचारतात, अमुक गाडीला कुठला टायर चांगला? गाडीला काय विचारायचं? कोण चालवतो ते विचारायला पाहिजे. आणि आपल्याकडे चालवतो मोहा. आपला चुलतभाऊ आहे, त्याने आईसाठी तीन दिवस दिले, बाकीचे दिवस गाडी त्याने वापरावी असं मीच ठरवून आलो होतो, सगळं खरं. पण तो कसा चालवतो ते मला माहीत आहे. वळणात शिरल्यावर त्याला वळण दिसतं. ब्रेक शेवटच्या क्षणाला, आणि तोही उभं राहून मारल्यासारखा. अशा माणसाला जाड बाजूचे, मऊ रबराचे, रस्ता धरणारे टायर लागतात. ते महाग असतात आणि लवकर झिजतात, पण खिंडीत मोहाच्या मागे आई बसलेली आहे, तिथे काटकसर नको. कमी पडतील ते मी पाठवतो.

घ्यायच्या आधी एक करा. जुने टायर झिजलेत कुठे ते नीट बघून मला लिहा. मध्ये झिजलेत की कडेला? बाहेरच्या कडेला की दोन्ही? हात फिरवून बघा, करवतीसारखं लागतं का. टायर चालवणाऱ्याची सगळी चहाडी करतो.

मोहाला म्हणावं, फोन उचल. महिनाभर लावतोय.

हम्मू


रिश, २५ ऑक्टोबर

भाऊजी, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ब्राहिमच्या दुकानात जाऊन चार आकडे बघितले तर त्याचे रुंद टायर पाच वर्षांपूर्वीचे निघाले. म्हणाला, सावलीत ठेवलेत, वहिनी, सावलीत वय वाढत नाही. मी म्हटलं, मग मलापण ठेव तिथे. आता माझ्याशी बोलत नाही.

टायर बघितले. पुढचे दोन दोन्ही कडांना सारखे झिजलेत, मध्ये अजून नक्षी आहे. हात फिरवला तर अगदी गुळगुळीत, कुठेही खरखर नाही. मागचे दोन सगळीकडून सारखे. चिरा बऱ्याच आहेत.

तुम्ही सांगितलेत तसे मऊ रबराचे टायर राशिदियाला एका दुकानात आहेत. भाव ऐकून मी जवळच्या बाकावर बसले. त्याने चहा दिला. पुढच्या आठवड्यात सांगते म्हणाले आहे.

मोहा कामात असतो.

इत्तो


तांजा, ४ नोव्हेंबर

वहिनी,

आज सरळ विचारतो, रागावू नका.

दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी ठेवली जाते, ते सोडा. पण खरखर नाही, हे कसं? मोहाने झैदची गाडी एकदा लग्नासाठी नेली होती, आठ दिवसांत पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. झैद त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हता. मोहा आठवड्यातून तीनदा खिंडीतून जात असेल तर टायर असे असूच शकत नाहीत. असे टायर उभ्या असलेल्या गाडीचे असतात. नाहीतर मशिदीपर्यंत जाऊन येणाऱ्या म्हाताऱ्याचे.

मग आई राशिदियाला जाते की नाही? पाळ्या चुकतात का? मोहा फोन उचलत नाही, आईला विचारलं तर ती म्हणते, सगळं छान, तू जेवलास का. तुम्ही लिहिता, वेळेवर पोचतात. कुणाबरोबर पोचतात ते लिहीत नाही.

डॉक्टरने मला समोर बसवून सांगितलं होतं की दोन पाळ्या चुकल्या तर काय होतं. तुम्हीही तिथेच होता. मी इतका लांब आहे, माझ्या हातात काही नाही, फक्त तुमच्यावरचा विश्वास आहे. खरं काय ते लिहा.

हम्मू


रिश, १२ नोव्हेंबर

भाऊजी,

एकही पाळी चुकलेली नाही. सेंटरला फोन करा, सईदा नावाची नर्स आहे, तिला विचारा.

गाडी मी चालवते.

मोहा मार्चमध्ये अगादीरला गेला, तिथे भाजीच्या शेडमध्ये काम मिळालं. त्याला दोष देऊ नका, त्यालाही घर आहे. जाताना म्हणाला, हम्मूला मी सांगेन. मग सांगायला त्याला तोंड नव्हतं आणि मलाही नव्हतं. झैदनेच आजारी असताना मला कोरड्या नदीच्या पात्रात शिकवलं होतं. म्हणायचा, उद्या लागेल. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं.

तुम्ही म्हणता, असे टायर उभ्या गाडीचे. मोहाच्या वेळची खरखर या आठ महिन्यांत घासून गेली असेल. कशी, ते ऐका. डायलिसिस झालं की आईंना मळमळतं. पहिल्या महिन्यात मी जोरात ब्रेक मारला की त्या ओकायच्या. मागच्या सीटवर बादली घेऊन बसायच्या, आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, सकाळी प्यायलेली हरीरा जास्त झाली वाटतं. मला वाईट वाटू नये म्हणून. मग मी पुढचा ट्रक दिसला की लांबूनच पाय उचलायला लागले. वळण यायच्या आधी गाडी हळू झालेली असते. आता आई बोगद्याच्या अलीकडे झोपतात त्या घरी जागतात. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवतात, खिडकीतून काय काय बोलतात. एकाने विचारलं, मामी, गाढव बांधलंय का पुढे? बोलू दे. हवेचं मला माहीत नव्हतं. आता भरून घेतली.

मी लपवलं, कारण चालवायला पुरुष नाही हे कळल्यावर तुम्ही आईंना तांजाला न्याल. मग या घरात मी कोण? माझे भाऊ मिदेल्तला आहेत. त्यांच्या बायका चांगल्या आहेत. पण तिथे माझी उशी कुठल्या खोलीत टाकायची हे त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही.

मऊ रबराच्या त्या टायरचे निम्मे पैसे आगाऊ द्यायचेत, ते दिले नाहीत अजून, दुकानदार दर खेपेला विचारतो. ते मोहासाठी सांगितलेत, की माझ्यासाठीही तेच? एवढं तरी सांगा. बाकी तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. मी फार दमले आहे, भांडायचं बळ नाही.

इत्तो


तांजा, ९ डिसेंबर

वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही. चार वेळा बसलो आणि चार वेळा उठलो. नर्सला फोन केला नाही. जरूर नव्हती.

ते टायर घेऊ नका. फोनवर 'टायरचं थांबा' एवढंच म्हणालो होतो, ते आईने तुम्हाला सांगितलं असेल अशी आशा आहे. तुमच्यासारख्या पायाला मऊ रबर म्हणजे पैसे रस्त्यावर पेरणं. तुम्हाला कडक नव्हे, मध्यम रबराचे, पाणी बाजूला काढणाऱ्या उभ्या खाचांचे, गाडीला आधी होते त्याच मापाचे, या वर्षी बनलेले टायर हवेत. रुंद नको, वेगाचे नको. ना सगळ्यात स्वस्त, ना सगळ्यात महाग. तुमच्याकडे पाच वर्षं जातील. दोनच परवडले तर नवे मागे टाकायचे, पुढे नाही. ब्राहिम उलटं सांगेल.

आता दुसरं. मी आणि नईमा बोललो. समोरची खोली रिकामी करतोय. इथे सेंटर चालत दहा मिनिटांवर आहे. तिसरा मजला आहे, पण दोन मुलं आहेत, उचलून नेतील. तुम्ही दमलात हे तुम्हीच लिहिलंत. एका बाईने एकटीने ती खिंड आठवड्यातून सहा वेळा कापायची, थंडीत, आणि मी इथे समुद्राकडे बघत चहा प्यायचा, हे मला झेपत नाही. आई इथे आली की तुम्हीही या. आपण एकत्र राहू. तुम्हाला यावंसं वाटलं नाही तर रिशच्या घराचं काय करायचं ते पुढे बघू.

रागाने लिहीत नाही, हे एवढं समजून घ्या.

हम्मू


रिश, १८ डिसेंबर

हम्मू,

मी तुझी आई बोलतेय. लिहितेय इत्तो. तिने एक शब्द बदलला तर मला कळेल, कारण मी नंतर शेजारच्या फादमाकडून वाचून घेणार आहे. तुझं पत्रही तिच्याकडूनच वाचून घेतलं. पोस्टमनने माझ्या हातात दिलं, मग माझंच झालं.

तिसऱ्या मजल्यावर मला उचलून नेणार म्हणे. मी काय गॅसची टाकी आहे? आणि वर नेल्यावर परत खाली कधी आणणार? तुझ्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. आठ दिवस बघितले मी ते, मागच्या वेळी. अजून पाठ आहेत.

तुला वाटतं इत्तोला चालवता येत नाही. तुझा भाऊ चालवायचा तेव्हा मी कुराणातल्या पाठ असलेल्या सगळ्या आयती म्हणून संपवायचे आणि तरी रस्ता उरायचा. ही चालवते तेव्हा मी झोपते. बाई अंड्यांची टोपली नेतेय अशी नेते मला. तुझ्या बसमध्ये बसले होते तेव्हा माझा खालचा दात हलला, तो अजून हलतोय.

मला नेऊ नकोस. टायर पाठवायचे तर पाठव, नाही तर नको पाठवू, आम्ही बघू. तू जेवतोस का नीट? नईमाला सांग, खजूर पाठवतेय, सगळे मुलांनाच देऊ नकोस म्हणावं, तूही खा.

आई


भाऊजी, हा कागद वेगळा, फादमाला दाखवणार नाही. आईंना वाटतंय मी अजून त्यांचंच लिहितेय.

टायर अजून घेतले नाहीत. तुमचा निरोप 'हम्मू थांबा म्हणाला' एवढाच मिळाला. कशाला थांबा, ते त्यांना आठवत नव्हतं.

एक खरं सांगते, ते त्यांना सांगू शकत नाही. काल परत येताना खिंडीत मी गाडी कडेला घेतली. आई झोपल्या होत्या. मी हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसून राहिले. रडले नाही, काही नाही. पुढे न्यायला हात उचलत नव्हते. थोड्या वेळाने उचलले. तुम्हाला हिवाळ्यापुरतं आईंना न्यायचं असेल तर मी आडवी येणार नाही. घराचं काय व्हायचं ते होऊ दे. आधी मला वाटायचं मी घरासाठी लपवतेय. आता मला तेही नक्की माहीत नाही.

इत्तो


तांजा, ३१ जानेवारी

वहिनी, सलाम.

काल रात्री पोचलो. दोन आठवडे तुमच्या घरी जेवलो, तरी जे बोलायचं ते तिथे बोललो नाही. आई मध्ये बसलेली असायची. तुम्ही म्हणता तसं, कागदच बरा.

बसच्या पोटातून चार टायर घेऊन मी रिशला उतरलो तेव्हा मनात अजून दोन्ही गोष्टी होत्या. टायर बसवून द्यायचे आणि उन्हाळ्यात पुन्हा विषय काढायचा. मग त्या मंगळवारी तुमच्या शेजारी बसलो. बोगद्याच्या पुढे मेंढ्यांचा ट्रक होता. मला दिसला तेव्हा माझा उजवा पाय खाली दाबला गेला, तिथे ब्रेक नव्हता. तुमचा पाय कधीच उचललेला होता. गाडी आपोआप ट्रकच्या चालीला आली. मागे वळून बघितलं तर आईचं तोंड उघडं आणि ती घोरत होती.

गुरुवारी मी म्हटलं, आज मी नेतो, तुम्ही घरी थांबा. तुम्ही थांबला नाहीत, मागे बसलात बादली घेऊन. मला वाटलं, सवय म्हणून घेतली. परत येताना पहिल्या वळणांतच आई दोनदा ओकली. आणि मला म्हणाली, सकाळची हरीरा जास्त झाली रे. पंधरा वर्षं मी माणसं नेतोय, वहिनी. इतकी वर्षं पाठीमागे कोण काय सोसत होतं कुणास ठाऊक.

तांजाचं मी सोडून दिलं आहे. नईमाने समोरची खोली पुन्हा लावून टाकली, मुलं खूश आहेत. घर झैदचं होतं, ते तुमचं आहे. आई आहे तोवर आणि नंतरही. हे मी नईमासमोर बोललो आणि इथे लिहून देतोय.

पण तुम्ही खिंडीत गाडी बाजूला घेऊन बसला होता, ते मी विसरू शकत नाही. आज ऑफिसात जाऊन राशिदियाची लाइन मागितली. ती कुणालाच नको असते, डोंगर, थंडी, रात्रभराचा प्रवास, म्हणून लगेच मिळाली. फेस शहरापर्यंत मी चालवायचं, पुढे जोडीदार. तो चालवतो तेव्हा मी मागे झोपतो. दर गुरुवारी पहाटे बस रिशला थांबते, मी तिथेच उतरेन. गुरुवार माझा. शुक्रवारी परतीची बस. घरी जरा कमी दिसेन, नईमा म्हणाली, तसाही तू घरी असलास तरी दिसत नाहीस.

बादली मला लागेल. काही दिवस तरी. पाय कधी उचलायचा ते तुम्ही मला शिकवा, पण आईसमोर नको.

हवा दर आठ दिवसांनी बघा.

हम्मू


रिश, २० मार्च

भाऊजी, सलाम.

परवा गुरुवारी तुम्ही इथेच होता आणि तरी मी लिहितेय. ब्राहिम म्हणाला, नव्या टायरवर खरखर नाही, नशीबवान आहात. त्याला वाटतं, टायरचं नशीब असतं. वाटू दे, त्याच्याकडूनच हवा भरून घेते.

आईंना तुमच्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, सुधारतोय, पण चढावर अजून त्याच्या बापासारखा. या आठवड्यात एकदाच ओकल्या, आणि तेही घरी येऊन, उंबऱ्यात, म्हणजे ते तुमच्या नावावर नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मंगळवारी मी नेलं तेव्हा त्या जाग्या होत्या. विचारलं, झोपत नाही का? म्हणाल्या, तो आला की रस्त्यावर लक्ष ठेवावं लागतं, आता सवय झाली.

पहिल्या दोन गुरुवारी तुम्ही दोघं गेलात की मी काय करत होते ते तुम्हाला सांगितलं नाही. फाटकाशी उभी राहायचे. आता बोगदा आला असेल, आता पूल. भाकरी भाजली तर करपली. दुपारी सेंटरला फोन केला, सईदा हसली, म्हणाली, तुझा दीर इथे खुर्चीत झोपलाय, आई जागी आहे, त्याच्यावर पांघरूण घालायला सांगतेय.

परवा मात्र तुम्ही गेलात आणि मी अंगणात सतरंजी टाकली. कपडे घड्या घालायला काढले होते. ऊन भिंतीवर आलं होतं. एक कपडा घडी घातला आणि दुसरा डोक्याखाली घेतला. मग मला काही माहीत नाही. झैद गेल्यापासून मी दिवसा झोपले नव्हते. रात्रीही अशी नाही.

जागी झाले ती गाडीच्या आवाजाने. तुम्ही दार हळू लावलंत, तुमचे पाय ओळखले. तुम्ही म्हणालात, वहिनी, आलो आम्ही. आणि आई म्हणाल्या, हळू बोल, झोपलीय ती, चहा तू कर. तुम्ही म्हणालात, पुदिना कुठे असतो? त्या म्हणाल्या, शोध, हात आहेत ना तुला.

तुम्हाला वाटलं असेल मी गाढ झोपेत आहे. मी जागी होते. स्वयंपाकघरात तुम्ही तीन भांडी पाडलीत ती मी मोजली. आई माझ्या उशाशी बसल्या होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. उठायला हवं होतं. मी डोळे मिटून तशीच पडून राहिले.

इत्तो